पलीकडे द्यायचा दांडका

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार, आणि वहिनींना त्याहून जरा जास्त वाकून. (कमरेत भरलेली उसण परवाच गेली, म्हणून वाकण्याची हौस भागवून घेतो आहे.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "उत्तम" म्हणणार, वहिनींची कशी आहे तेवढं कळव, म्हणजे तुझीही कळेल. आम्ही सगळे ठीक. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं आहे तिकडे लक्ष देऊ नकोस, पेन नवं आहे आणि जाड उमटतं. फोन न करता पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "बरं, ठेवतो" म्हणतोस, आणि मला जे सांगायचं असतं ते लवकरात लवकर तिसऱ्या वाक्यात येतं. पत्र तू फार तर बाजूला ठेवशील, पण मला मध्येच तोडता येणार नाही.

आपल्या आक्काच्या रविवारच्या साठाव्या वाढदिवसाला तू आणि वहिनी येणार, तुमच्याच गाडीने येणार आणि गाडी तू चालवणार, हे तुझ्या कार्डावरून काल कळलं. "मीच चालवणार" या दोन शब्दांखाली तू रेघ मारली आहेस, तीही दोनदा. माझी काडीचीही हरकत नाही. ज्या माणसाने चौतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला आणि कोणाच्या सायकलीलासुद्धा धक्का लावला नाही, त्याला गाडी चालवू नकोस असं सांगणारा मी कोण? आपल्या घरात तुला कोणी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. बाबांनासुद्धा तुला काही सांगायचं असलं की ते मला रागवायचे, आणि तू शेजारी बसून ऐकायचास. मी फक्त रस्त्याबद्दल लिहितो आहे. तुमच्या फाट्यापासून आमच्या पहिल्या सिग्नलपर्यंत अकरा किलोमीटर रस्ता उकरून ठेवला आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या आणि दुसऱ्याचं दीड वर्ष पुढे ढकललेल्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाने तो कसा पार करावा, या विचाराने वहिनींचं जेवणात लक्ष लागत नाही. (हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं.) मला तसली काही काळजी नाही. मी तुला नुसती माझी फजिती सांगतो आहे. तेवढीच तुझी करमणूक होईल.

रस्ता कसा आहे ते आधी ऐक. अर्धा खोल खणलेला, अर्धा चालू. मध्ये नारिंगी शंकूंची रांग (माझ्या ड्रायव्हिंग शाळेच्या मैदानावर आहेत तसलेच, पण यांना अजून माझ्या विद्यार्थ्यांनी चेपलेलं नाही). चालू असलेल्या अर्ध्या रस्त्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जातात. सगळ्यात अरुंद तुकडा टेकडीच्या वळणावर आहे, त्यामुळे या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही आणि फोनही लागत नाही. बोलायची दोन यंत्रं आणली होती, ती पहिल्याच आठवड्यात रोलरखाली गेली. मग त्यांनी जुनी पद्धत काढली: लाल रंगवलेला, हातभर लांबीचा एक लाकडी दांडका. या टोकाला, म्हणजे तुमच्या फाट्याकडून येताना लागणाऱ्या पहिल्या टोकाला, फलक घेऊन उभ्या असलेल्या बाई आठ-दहा गाड्या सोडतात आणि शेवटच्या गाडीत दांडका देतात. ती गाडी पलीकडे पोचली की तिथला माणूस दांडका घेतो. दांडका हातात आला म्हणजे मधला रस्ता रिकामा झाला, हे त्याला कळतं, आणि मगच तो त्याच्याकडच्या गाड्या सोडतो. त्यांच्यातल्या शेवटच्या गाडीबरोबर दांडका परत. दांडका नाही तर कोणी हलायचं नाही. गोष्ट इतकी साधी आहे की तिच्यात चूक करायला माणूस चांगला अनुभवी लागतो.

तो अनुभवी माणूस मी. त्या दिवशी सकाळी मी आमच्या गल्लीतल्या दंतवैद्यांना घेऊन तुमच्या फाट्यापर्यंत जाऊन परत येत होतो. दंतवैद्य पन्नाशीचे, अतिशय सज्जन, माझ्याकडे गाडी शिकायला येतात. पण दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात हात घालून हळूहळू काम करायची सवय असल्यामुळे ते गाडीही तशीच चालवतात. गिअर टाकतानासुद्धा त्यांच्या तोंडून "दुखलं तर सांगा" असं निघून जातं. साहजिकच रांगेत आमच्यामागे असलेले सगळे आमच्या पुढे गेले आणि आमची गाडी शेवटची राहिली. फलकवाल्या बाई वाकल्या, खिडकीतून दांडका माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, पलीकडे द्या. मी ऐकलं, दादा. अगदी व्यवस्थित ऐकलं. पण त्याच वेळी मी दंतवैद्यांना अरुंद रस्त्यावर नजर कुठे ठेवायची ते समजावत होतो, आणि मास्तराच्या हातात काठी आली की ती कुठून आली हे तो विचारत नाही. एकतीस वर्षं मी नुसत्या हातवाऱ्यांवर शिकवत आलो. माझ्या शिकवण्यात इतकी वर्षं नेमकं काय कमी होतं ते मला त्या क्षणी कळलं. दांडक्याने मी त्यांना शंकू दाखवले, खड्डा दाखवला, रोलर दाखवला, आणि पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं ते दाखवताना तो त्यांच्या कानावर बसला. (या वेळी "दुखलं तर सांगा" मी म्हणालो.)

पलीकडच्या टोकाला एक मिशीवाला माणूस हात पुढे करून उभा होता. आता तू मला ओळखतोस. या शहरात मी साडेतीन हजार माणसं शिकवून रस्त्यावर सोडली आहेत. भाजी आणायला गेलो तरी चार जण हात करतात. रस्त्यावर कोणी हात पुढे केला की तो आपला विद्यार्थी असणार, असंच मी धरून चालतो. मी दांडका खिडकीबाहेर काढून त्याला प्रेमाने हलवून दाखवला. तो गाडीमागे धावायला लागला. मी दंतवैद्यांना म्हणालो, आरशात बघा, एवढी वर्षं झाली तरी मास्तरांची आठवण ठेवतात. पण थांबू नका, कामाच्या जागेतून बाहेर पडताना मध्येच थांबायचं नसतं. (हा नियम बरोबर आहे. त्या दिवशी मी सांगितलेल्यांपैकी तेवढाच.) मिशीवाला बराच लांबपर्यंत धावला. मला भरून आलं.

घरी आलो तेव्हा दांडका माझ्या काखेतच होता. बायकोने विचारलं, हे काय? मी म्हणालो, रस्त्यावर एका बाईंनी दिलं. (वाक्य खरं होतं, पण जरा जास्त थोडक्यात झालं, त्याचा खुलासा करण्यात जेवण निवलं.) आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सहा महिने वाऱ्याने आपटते आहे, आणि "करतो, करतो" म्हणत मी ती दुरुस्त केलेली नाही. बायकोने दांडका खिडकीच्या फटीत बसवला. मापात बसला. ती म्हणाली, बऱ्याच दिवसांनी घरात कामाची वस्तू आणलीत. मी खूश होऊन आडवा झालो.

मी घोरायला लागेपर्यंत त्या वळणावर काय होऊन गेलं होतं हे मला संध्याकाळी कळलं, तेही दारात इंजिनीअर बाई येऊन उभ्या राहिल्या तेव्हा. मला शोधायला त्यांना काही त्रास पडला नाही, कारण माझ्या गाडीच्या टपावर शाळेचं नाव आणि पत्ता वीतभर अक्षरांत रंगवला आहे, मीच हौसेने रंगवून घेतला आहे. त्या अकरा किलोमीटरचं सगळं काम या बाईंच्या हाताखाली चालतं. आणि आता ऐक, दादा. ती माझी नऊ वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी निघाली. मी तिचं नाव "जराथांबा" ठेवलं होतं, कारण गाडी सुरू करण्याआधी, वळण्याआधी, अगदी मैदानातून बाहेर पडण्याआधीसुद्धा ती थांबून तिन्हीकडे बघायची. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, अशाने चौक ओलांडेपर्यंत तू म्हातारी होशील. (सगळे हसायचे. तीही हसायची, असं मला तेव्हा वाटायचं.) ती आत आली, चहा नको म्हणाली, आणि तिची नजर सरळ खिडकीवर गेली.

झालं होतं असं. दांडका न आल्यामुळे दोन्ही टोकं बंद पडली. या टोकाला वाटलं गाडी मध्येच बंद पडली असेल. त्या टोकाच्या मिशीवाल्याला कारण माहीत होतं, पण ते सांगायला फोन नव्हता, म्हणून तो वळण चढून पायी निघाला. चाळीस मिनिटं दोन्हीकडे गाड्या तापत उभ्या होत्या. मिशीवाला निम्म्या वाटेवर असताना या टोकाच्या एका शहाण्याने शंकूच्या बाजूने गाडी काढली, आणि त्याच वेळी फलक धरायला कोणी नाही असं बघून त्या टोकाच्या दुसऱ्या शहाण्याने. दोघे वळणावर, रोलरच्या शेजारी, समोरासमोर आले. ब्रेक लागले, गाड्या एकमेकींपासून हातभर अंतरावर थांबल्या, पण एक गाडी घसरत रोलरवर आली आणि रोलरवाल्या काकांनी खड्ड्यात उडी टाकली. पाय मुरगळला, घोट्याला प्लास्टर आलं. खड्ड्यात त्या दिवशी माती टाकलेली होती म्हणून पायावर निभावलं. आदल्या दिवशीपर्यंत तिथे नुसत्या उभ्या सळया होत्या. हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही, आणि त्यामुळे मला बसवेना. बायकोने खिडकीतून दांडका काढून फडक्याने पुसून तिच्यासमोर ठेवला.

मी माझ्या बाजूने बोलायला सुरुवात केली. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही, वगैरे, तुला माझं ते भाषण पाठ आहे. ती ऐकून घेत होती. मग एवढंच म्हणाली, "सर, पुस्तकातलं ते पान तुम्ही नेहमी उलटायचात."

मला लगेच कळलं कोणतं पान. आमच्या पुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर काम चालू असलेल्या रस्त्यावर गाडी कशी चालवावी ते दिलं आहे. ते पान आलं की मी म्हणायचो, हे परीक्षेला येत नाही, पुढे चला. साडेतीन हजार माणसांना मी ते पान न वाचता रस्त्यावर सोडलं, दादा, आणि त्यांतली निम्मी रोज त्या अकरा किलोमीटरमधून जातात. तिला वाटलं असतं तर माझ्यावर लेखी तक्रार करून माझं शिकवण्याचं लायसन्स ती घालवू शकत होती. तिने दुसरा उपाय काढला. मी चार सकाळी फलकवाल्या बाईंच्या शेजारी उभं राहायचं, त्या सांगतील ते करायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. (बायको म्हणाली, चौथ्या सकाळचं माहीत नाही, पण तोंडाचं पहिल्याच दिवशी मोडेल.)

तर तुझा धाकटा भाऊ नारिंगी कोट घालून आणि डोक्यावर शिरस्त्राण ठेवून रस्त्यावर उभा राहिला. कोट रोलरवाल्या काकांचा, म्हणजे त्यात मी आणि आणखी एक मास्तर मावला असता. फलकाच्या एका बाजूला "थांबा" आणि दुसऱ्या बाजूला "सावकाश". फलकाची जी बाजू आपल्याला दिसते ती समोरच्याला दिसत नसते, एवढं डोक्यात शिरायला मला पाऊण तास लागला. तोपर्यंत मी "थांबा" वाचत निश्चिंत उभा होतो आणि गाड्या माझ्या अंगावरून सावकाश जात होत्या. बाईंनी पाठीत एक धपाटा घालून फलक फिरवला. बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण धपाटा आईच्या वळणाचा होता.

आणि तिथून रस्ता कसा दिसतो म्हणून सांगू! आपण जन्मभर रस्ता काचेच्या आतून पाहिला. बाहेरून पाहिला की त्याला दात असतात. अर्ध्या किलोमीटरवर मोठी पाटी आहे, पुढे काम चालू आहे म्हणून. ती पाटी बघून माणसं वेग कमी करतील असा माझा समज होता. ती पाटी बघून माणसं वेग वाढवतात, पुढचा रांगेत शिरायच्या आत आपण शिरावं म्हणून. एक जण मांडीवर डबा उघडून जेवत आला. एक बाई आरशात बघून टिकली नीट करत आल्या, तो आरसा आता मागचं दाखवत नव्हता. फोनवाले तर मोजायचे सोडून दिले. त्यातले बरेचसे माझेच, हे मला त्यांच्या स्टिअरिंग धरण्यावरून कळत होतं. एकाने काच खाली करून मला विचारलं, तुमच्या बापाचा रस्ता आहे का? मी त्याला तीन महिने शिकवलं होतं, आणि पास झाल्यावर तो माझ्या पाया पडला होता. मी शिरस्त्राण डोळ्यांवर ओढलं. बाई म्हणाल्या, "मास्तर, मनावर घेऊ नका. गाडीतल्या माणसाला रस्ता दिसतो. आपण रस्त्यात असतो, पण त्याला रस्त्याचाच भाग वाटतो." हे त्यांनी थर्मासमधला चहा ओतत सांगितलं, आणि मग शिट्टी फुंकून एका ट्रकला असा काही जाब विचारला की त्याचा क्लीनर पण सरळ बसला.

चौथ्या दिवसापर्यंत मला सत्तेचाळिसावं पान पाठ झालं. तुला ते सगळं माहीतच आहे, तरी मी माझ्या अक्षरात पुन्हा लिहून काढतो, माझाच अभ्यास होईल. वेग पहिला शंकू दिसल्यावर नाही, पहिली पाटी दिसल्यावर कमी करायचा. रांगेत आपली पाळी आली की शिरायचं, शहाणपणा करायचा नाही. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर, कारण तिथे गाडी कधी थांबेल हे पुढच्यालाही माहीत नसतं. यंत्रं मोठी असतात म्हणून आपण यंत्रांकडे बघतो. बघायचं त्यांच्या आजूबाजूच्या माणसांकडे, ती वाकलेली असतात आणि त्यांना यंत्राच्या आवाजात आपली गाडी ऐकू येत नाही. फलकवाला हाताने जे सांगेल ते ऐकायचं, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. आणि हातात काही दिलं तर पलीकडे द्यायचं. हे शेवटचं पुस्तकात नाही, पण पुढच्या आवृत्तीत घाला म्हणून मी लिहून कळवलं आहे.

रोलरवाल्या काकांना भेटायला मी दोनदा गेलो. ते खुर्चीत पाय वर करून बसले होते, आणि मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी आपल्या मुलीच्या लायसन्सचं विचारलं. तिला मी शिकवतो आहे. ती हुशार आहे. प्रत्येक ठिकाणी थांबून तिन्हीकडे बघते, आणि मी मुकाट्याने बसतो.

असो. पत्र लांबलं. आक्का साठ वर्षांची होते आहे यावर तिचा स्वतःचा विश्वास नाही, आपण सगळे जमलो की बसेल. तिने तुझ्यासाठी खिडकीजवळची खोली ठेवायला सांगितली आहे. वहिनींना सांग की उशा आणू नका, आमच्याकडे आहेत. (आणतीलच.) आमच्या सगळ्यांच्या नजरा तुमच्या वाटेकडे लागल्या आहेत, एवढं लिहून थांबतो.

तुझा, अजून लायसन्स शिल्लक असलेला,
धाकटा

ता. क. वर चार सकाळी लिहिलं आहे. त्या चार संपून तीन आठवडे झाले, तरी मी सोमवार-मंगळवार तिथे जातो. कोणी सांगितलेलं नाही. काकांचं प्लास्टर निघेपर्यंत एक माणूस कमी आहे, आणि मला आता फलकाची बाजू कळते. दंतवैद्य पास झाले. परीक्षकाने त्यांना जरा वेग वाढवा म्हटलं तेव्हा ते म्हणाले, पुढे काम चालू असेल तर?

आणखी एक ता. क. (वहिनी, तुम्ही हे त्याला मोठ्याने वाचून दाखवत असाल तर इथे थांबा आणि कागद त्याच्या हातात द्या. अक्षर मोठं आहे, त्याचं त्याला लागेल.)

दादा, गेल्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला मी तिथे उभा असताना एक राखाडी गाडी आली. काचेच्या आत वहिनींनी टांगलेला पिवळा लोकरीचा पक्षी दिसला आणि मला इतका आनंद झाला की एका हाताने फलक धरून मी दुसरा हात हलवायला लागलो. फलकाची बाजू बरोबर होती. "थांबा" तुझ्याकडे होतं. तू थांबला नाहीस. वेग फार नव्हता, चाळीस असेल. बाईंनी माझी कॉलर धरून मला मागे ओढलं. तुझा आरसा माझ्या कोटाला घासून गेला, आणि पुढचे दोन शंकू पाडून तू वळणावर दिसेनासा झालास. समोरच्या गाड्या अजून सुटायच्या होत्या, म्हणूनच आज हे पत्र वाचायला तू आहेस.

तू दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, नाक काचेला लागेल इतका पुढे वाकून बसला होतास. तू माझ्याकडेच बघत होतास. बाई तुझा उद्धार करत होत्या, तेव्हा मी त्यांना म्हणालो, तो माझा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, मग थांबला का नाही?

मी सतरा वर्षांचा असताना डेअरीच्या आवारात तू मला टँकरवर बसवलंस, स्वतः वीस पावलांवर जाऊन समोर उभा राहिलास आणि म्हणालास, ये, आणि माझ्यापाशी थांब. मी थांबलो, कारण समोर तू होतास. तू मला पाहिलं असतंस तर तूही थांबला असतास. याबद्दल मला कधीच शंका नव्हती, बाईंनी कॉलर धरली त्या क्षणीही नव्हती. म्हणून तर मला कळलं की तुला दिसत नाही.

दुपारी परत जाताना तुझी गाडी डोळ्यांच्या दवाखान्यासमोर उभी दिसली. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर येऊन तू घरी आला नाहीस, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी आत आलो नाही. तू कोणाला काही न सांगता आला होतास, म्हणजे तुलाही ठाऊक आहे, आणि तू घाबरला आहेस. मीही घाबरलो आहे. वर पहिल्याच पानावर काडीचीही हरकत नाही असं लिहिलं आहे, ते खोटं आहे. हरकत आहे. चालवू नकोस, दादा. अठ्ठावन्न वर्षांत तुला पहिल्यांदा काही सांगतो आहे, आणि तेही ता. क. मध्ये, एवढा अजून तुझा धाक आहे.

शेवटचं ता. क. शनिवारी सकाळी आठला मी तुम्हाला न्यायला येतो. शाळेची गाडी आणतो, टपावरच्या पाटीसकट. शेजारचे बघतील तर बघू देत, म्हण मी धाकट्याची परीक्षा घेतो आहे. वहिनी आणि उशा मागे बसतील. तू माझ्या शेजारी, मास्तराच्या जागेवर. त्या जागेला स्वतःचा वेगळा ब्रेक असतो, एकतीस वर्षं तो माझ्या पायाखाली होता आणि तो चाकांपर्यंत खराखुरा पोचतो. आता त्यावर तुझा पाय. मी चुकतोय असं वाटलं की कुठेही दाब, विचारायची गरज नाही.